तेहतीसचा पाना

बसचं मागचं एक चाक उतरवायचं, एवढंच काम होतं. त्यातही दहापैकी सात नट आधीच निघालेले, तीनच राहिलेले. हात बसलेल्या माणसाला धड तासभरही लागला नसता. पण ती बस सहा आठवडे शेडमध्ये त्याच जागी उभी होती आणि त्या तीन नटांना हात लावायला कुणी तयार होत नव्हतं.

शेवटी सुपरवायझरनं थोरल्यालाच गाठलं. त्याच्या तोंडाकडे न बघता, शर्टाच्या गुंडीशी चाळा करत तो म्हणाला, "मिस्त्री, चौकशी संपली. कागद आले. गाडी आता रस्त्यावर घालायला हवी. तुम्हाला नको वाटत असेल तर बाहेरून माणूस बोलावतो."

"कशाला? मी काढतो."

"मग सुट्टीच्या दिवशी या. शेड रिकामी असते. म्हणजे तुम्हालाही जरा..."

थोरल्यानं मान हलवली आणि चहा संपवला. चहा फार गरम होता हे जीभ पोळल्यावर त्याच्या लक्षात आलं, आणि तेही असं, जणू शेजारच्या कुणाची तरी जीभ पोळली असावी.

सहा आठवडे त्याचं हे असंच चाललं होतं. भाऊ गेला, लोक आले, खांद्यावर हात ठेवून गेले. थोरला सगळ्यांशी नीट बोलला. कुणी पाणी मागितलं तर आणून दिलं. रडला मात्र नाही. आतलं कुठलंसं बटण कुणी बंद करून गेलं होतं आणि ते पुन्हा चालू करावं असंही त्याला वाटत नव्हतं.

डेपोत त्या दोघांना कुणी नावानं हाक मारत नसे. थोरले मिस्त्री आणि धाकटे मिस्त्री. बावीस वर्षं दोघं एकाच शेडमध्ये, एकाच गाडीवर. शेडच्या फरशीत दोन लांबट खड्डे होते, छातीएवढे खोल. गाडी खड्ड्यावर उभी करायची, खाली उतरून तिच्या पोटातलं काम करायचं. धाकटा खाली, थोरला वर. इंजिनांच्या गोंगाटात ओरडून घसा बसायचा, म्हणून दोघांनी आपली एक भाषा करून घेतली होती. खड्ड्याच्या काठाला लोखंडी पट्टी होती. धाकट्यानं खालून तिच्यावर एकदा ठोकलं, की हत्यार दे. दोनदा ठोकलं, की हे नको, दुसरं दे. थोरला आपलं काम करता करता, मागे न बघता हात खाली धरायचा. हातातलं हत्यार जायचं, नको असलं तर परत यायचं. इतर मिस्त्री हसायचे. म्हणायचे, हे दोघं नवराबायको असते तर घरात एक शब्द बोलले नसते.

अपघाताच्या दिवशी मात्र धाकटा वर होता. चाकाच्या आठव्या नटावर पाना लावून, पान्याच्या दांड्यात लांब पाइप घालून तो अंगाकडे ओढत होता. पाठीमागे दोन हातांवर दुसरा खड्डा, रिकामा आणि उघडा. पाना सटकला. धाकटा पाठमोरा खड्ड्यात गेला आणि डोकं पायरीच्या कडेवर आपटलं.

चौकशीच्या कागदात लिहिलं होतं, की हत्यार योग्य मापाचं होतं, कामगार खड्ड्याकडे पाठ करून उभा राहिला, निष्काळजीपणा कामगाराचा. नंतर डेपोत सगळ्यांना अर्धा तास उभं करून काम करताना कसं उभं राहू नये ते समजावण्यात आलं. फळ्यावर माणसाचं चित्र काढलं होतं. कुणाचं ते सांगायची गरज नव्हती.

थोरल्याचं लग्न झालेलं नव्हतं. तो भावाच्या घरातच राहायचा, जिन्यालगतच्या खोलीत. आता त्या घरात दोघंच होती, तो आणि धाकट्याची बायको. सुट्टीच्या दिवशी तो कामाचे कपडे घालून बाहेर आला तेव्हा ती खिडकीपाशी उभी होती. बाहेर इतकं धुकं होतं की समोरची इमारत गेल्यासारखी वाटत होती.

"आज कुठे, भावोजी?"

"ती गाडी पुरी करायची आहे."

ती वळून म्हणाली, "एक विचारू? चिडू नका."

"विचार ना."

"ह्यांनी घरातल्या स्टुलावरसुद्धा कधी हलवून बघितल्याशिवाय पाय ठेवला नाही. बल्ब बदलायचा तर मला म्हणायचे, धर गं, घट्ट धर. असा माणूस उघड्या खड्ड्याकडे पाठ करून, नीट पकड नसताना एवढा जोर लावेल?" तिनं ओठ मिटले आणि पुन्हा उघडले. "तुम्ही तिथं होतात म्हणून विचारते. दुसऱ्या कुणाला विचारू?"

"कागदात लिहिलंय ते..."

"कागद मी वाचला. मी तुम्हाला विचारतेय."

थोरल्यानं बुटाची नाडी बांधली. सोडली, पुन्हा बांधली. "उशीर होतोय," म्हणाला आणि निघाला.

शेडमध्ये वीज नव्हती. सुट्टीच्या दिवशी मुख्य स्विच पाडून ठेवायचे, आणि चावी कुणाकडे होती ते त्याला ठाऊक नव्हतं. वीज नाही म्हणजे हवेच्या दाबानं नट काढायची गन नाही, सगळं हातानं. दुपारचे बारा वाजले होते, पण पत्र्यातल्या काचांवर धुकं बसलं होतं आणि आतला उजेड भांड्यातल्या राखाडी पाण्यासारखा होता. जळक्या तेलाचा, रबराचा आणि ओल्या गोणपाटाचा वास कोंडून राहिलेला. बस पहिल्या खड्ड्यावर उभी होती. चाकापाशी त्यानं फळकुट टाकलं, हत्यारांची पिशवी उघडली आणि बसला. दुसरा खड्डा त्याच्या पाठीशी होता.

चाक जमिनीवरच होतं, ते बरं होतं. नट सैल होईपर्यंत चाक उचलायचं नसतं, नाहीतर नटाऐवजी चाकच फिरतं. त्यानं तिन्ही नटांवर गंज सोडवायचं तेल मारलं, तारेच्या ब्रशनं आटे साफ केले आणि नटावर टोपीसारखी बसणारी बत्तीसची गोटी काढली. नट बत्तीस मिलिमीटरचे होते. गोटी आतून सहा कोनी आणि खोल, नटाला चहूबाजूंनी धरून बसणारी. बारा कोनी गोटी लावायला सोपी, कुठूनही बसते, पण धरते टोकाटोकांनी. जोर आला की नटाचे कोपरे खाऊन सटकते. हे त्यानं किती जणांना शिकवलं होतं. धाकट्यालाही त्यानंच.

नववा नट थोडा करकरला आणि निघाला. दहावा त्याहून सहज.

आठव्यावर त्यानं बोट फिरवलं. कोपरे गेलेले, नट जवळजवळ गोल झालेला. बत्तीसची गोटी त्यावर सैल फिरली. त्यानं ती काढली, हातात धरली आणि विचार करत बसला. एक माप लहान गोटी हातोडीनं ठोकून बसवावी? की छिन्नीनं नट फोडावा? घाई करायची नाही. हत्यार निवडायला वेळ लागला तरी चालतो...

मागे दुसऱ्या खड्ड्याच्या लोखंडी पट्टीवर एकदा ठोकल्याचा आवाज झाला.

थोरल्यानं मागे न बघता हात खाली धरला. हातातली गोटी गेली.

त्यानं पिशवीतून छिन्नी काढली, तिची धार अंगठ्यानं पाहिली. तेवढ्यात पट्टीवर दोनदा ठोकलं गेलं. त्यानं पुन्हा हात मागे धरला. तळव्यात गोटी आली. त्यानं ती पिशवीत ठेवली, फिक्स पाना उचलला आणि खाली धरला. तोही गेला. पुन्हा दोनदा आवाज. पाना परत आला. त्यानं तो पिशवीत टाकला, लहान गोटी खाली धरली आणि तीही परत येईपर्यंत डोळ्यांसमोरच्या गोल नटाकडे बघत राहिला.

तळव्याला गार स्पर्श झाला होता. नुसतं लोखंड गार असतं तसा नाही. लोखंडाच्या कडेला कुणाची तरी बोटं होती.

तेव्हा कुठे त्याच्या लक्षात आलं, की शेडमध्ये आपण एकटे आहोत.

तो घाबरला नाही. घाबरायला हवं, एवढं त्याला कळलं. एखाद्या परक्या गावातला पत्ता कुणी सांगावा तसं ते कळलं आणि बाजूला राहिलं. त्यानं मान वळवली नाही. वळवली तर हे थांबेल, असं त्याला वाटलं, आणि ते थांबावं की नाही हे त्याचं ठरत नव्हतं.

पट्टीवर पुन्हा एकदा ठोकलं. दे.

"माझ्याकडे दुसरं काही नाही..." तो हळूच म्हणाला.

थोडा वेळ गेला. मग पुन्हा एकदाच, जरा जोरात.

खरं तर होतं. पिशवीच्या तळाशी फडक्यात गुंडाळलेलं होतं आणि सहा आठवडे तो ते रोज घरून शेडमध्ये आणि शेडमधून घरी नेत होता. तेहतीसचा रिंग पाना, बारा कोनी. आतल्या बाजूला अजून पत्र्याची एक पातळ पट्टी चिकटलेली.

त्या दिवशी बत्तीसची गोटी आवारापलीकडच्या स्टोअरमध्ये होती. चालत जायचं तर पाच मिनिटं. थोरला नुकता चहा घेऊन टेकला होता आणि त्याच्या जिवावर आलं. हाताशी होता तो तेहतीसचा पाना त्यानं भावाकडे फेकला.

"दादा, हा मोठा पडतो. बत्तीसचाच दे ना."

"मध्ये पत्र्याची पट्टी घाल. चालतंय."

"सटकेल रे. थांब, मीच आणतो जाऊन."

"बाईसारखा घाबरतोस काय? हात चालव."

बावीस वर्षांत धाकट्यानं त्याचा शब्द कधी मोडला नव्हता. त्यानं पट्टी घातली.

नंतर, खाली उतरून भावाला बघितल्यावर खड्ड्यातून वर येऊन, लोकांना हाक मारायच्या आधी, थोरला पळत स्टोअरमध्ये गेला होता. ती पाच मिनिटं तेव्हा दोनच झाली. बत्तीसची गोटी आणून त्यानं नटाखाली टाकली, तेहतीसचा पाना पिशवीत घातला आणि मग ओरडला. आपण असं का केलं हे त्याला पुढे कितीदा आठवूनही उमगलं नाही. हातांनी केलं, एवढंच.

आता त्याच हातांनी त्यानं फडकं सोडलं. पाना मागे, खाली धरला.

तो लगेच गेला नाही. कुणीतरी तो चाचपून पाहिला. पत्र्याच्या पट्टीवरून नख ओढल्याचा बारीक आवाज आला. मग हात हलका झाला.

थोरला दोन ठोक्यांची वाट बघत राहिला. ते आले नाहीत. त्याऐवजी खालून लोखंडावर लोखंड बसल्याचा आवाज आला, पाइप दांड्यात सरकल्याचा आला. कुणीतरी श्वास भरून घेतला. नट करकरू लागला. त्याच्या समोरचा नट तर जागचा हलला नव्हता, करकरणं मागे, खाली होत होतं. वाढत गेलं, वाढत गेलं... आणि पाना सटकला.

थोरल्यानं डोळे मिटले आणि पडल्याचा आवाज यायची वाट पाहिली.

तो आलाच नाही. पाना सटकला आणि त्यानंतर काहीच नाही. धुक्यातून कुठेतरी एक कुत्रं भुंकलं. किती वेळ गेला कोण जाणे. कुणीतरी पडायला निघालं होतं आणि अजून पडतच होतं.

शेवटी तो उठला, टॉर्च लावला आणि खड्ड्यात उतरला. खाली लाकडाचा भुसा पसरला होता, अपघातानंतर टाकलेला, कोरडा, सपाट. त्यावर त्याच्या बुटांखेरीज एकही ठसा नव्हता. तेहतीसचा पाना कुठेही नव्हता. त्यानं भुसा हातानं उपसून पाहिला, तळातली मोरी पाहिली. मग पिशवी उचलून घरी गेला. तो नट तसाच राहिला.

तिनं ताट वाढून ठेवलं होतं. थोरला समोर बसला आणि घास न घेता त्यानं सांगायला सुरुवात केली. पाना, पट्टी, स्टोअर, सगळं. दुसऱ्याचं पत्र वाचून दाखवावं तशा एका सुरात. तिच्या हातात डाव होता, तो तसाच राहिला.

"बत्तीसचा मागितला होता त्यांनी?" तिनं शेवटी विचारलं.

"हो."

"किती वेळा?"

"मागितला एकदा. मग स्वतः आणायला निघाला होता. मी जाऊ दिलं नाही."

तिनं डाव पातेल्यात ठेवला. "आणि सहा आठवडे माझ्या हातचं जेवताय."

थोरल्यानं ताटाजवळचा हात मागे घेतला.

"उद्या ऑफिसात जाऊन सांगा. तुम्ही नाही सांगितलंत तर मी सांगेन. आणि दुसरीकडे खोली बघा." मग कोरड्या आवाजात ती म्हणाली, "आज का सांगितलंत? इतके दिवस नाही, ते आज?"

"त्यानं मागितला," थोरला म्हणाला. आणि शेडमध्ये घडलं तेही त्यानं सांगून टाकलं. तिला वेड्यासारखं वाटेल, ती हसेल किंवा ओरडेल, असं त्याला वाटलं होतं.

"हात लागला तुम्हाला?"

"बोटं लागली."

"कशी होती?"

"गार. फार गार."

तिनं मान हलवली, सावकाश, नाही म्हणतात तशी. "ह्यांचे हात कधी गार नसायचे, भावोजी. थंडीतसुद्धा नाही. मी चिडवायचे त्यावरून." आणि ताट तसंच सोडून ती आत गेली.

दुसऱ्या दिवशी त्यानं ऑफिसात सगळं लिहून दिलं. पुन्हा चौकशी झाली, कागद बदलले. निष्काळजीपणाच्या पुढचं नाव बदललं. फळ्यावर माणसाचं चित्र पुन्हा कधी निघालं नाही. सुधारलेला कागद सुपरवायझर स्वतः तिच्या हातात देऊन आला. थोरल्यानं आवारामागे एक खोली घेतली. त्याला चाकाच्या कामावरून काढलं आणि स्टोअरच्या खिडकीत बसवलं. ज्याला जे हत्यार लागेल ते मापाप्रमाणे काढून द्यायचं, संध्याकाळी परत घ्यायचं. बसचा आठवा नट तिघांनी मिळून छिन्नीनं फोडला. गाडी रस्त्यावर गेली.

झालं ते झालं, असं लोक म्हणू लागले. थोरल्यालाही वाटलं, की झालं. रडू अजून आलं नव्हतं, पण अन्नाची चव मधूनच कळायची.

शेडमध्ये दुसऱ्या डेपोतून नवा फिटर आला. पोक्त माणूस, कामाला पक्का, बोलायला कमी. इथलं काही त्याला कुणी सांगितलं नव्हतं. सुपरवायझरनंच तसं बजावलं होतं. आठवडाभर त्यानं दुसऱ्या खड्ड्यात काम केलं. शनिवारी दुपारी तो हत्यारं परत करायला खिडकीशी आला, एकेक मोजून ठेवलं, फडक्यानं हात पुसले, पण गेला नाही.

"मिस्त्री, एक सांगायचं होतं. तक्रार नाही म्हणा. पण खाली ती दोन माणसं असतात ना, त्यांना जरा सांगा. मला एकट्यानं काम करायची सवय आहे. जागा पुरत नाही."

थोरल्याच्या हातातला पाना खाली फळीवर टेकला.

"दोन?" त्यानं विचारलं.

"हो. एक तो, पाने मागत असतो तो. चांगला माणूस दिसतो, वाटेत येत नाही." नवा फिटर जरा घुटमळला, शेडकडे एकदा बघितलं आणि आवाज खाली आणला. "आणि एक तो, गार बोटांचा, ज्याच्यासाठी हा मागतो."